मेसमागची मोटार

आमच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि बारावीच्या पुस्तकापलीकडे मला काडीचंही येत नव्हतं. फ्लेक्सवर मात्र मी पांढरा कोट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून, हाताची घडी घालून उभी होते. ते धड कुणाचं होतं देव जाणे. फ्लेक्सवाल्याने माझ्या ओळखपत्रातलं डोकं कापून त्यावर बसवलं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या तीस-चाळीस जणांचे फोटो, ज्यांतल्या निम्म्यांशी मी जन्मात बोलले नव्हते. आमच्याकडे मेडिकलला नंबर लागला की माणूस डॉक्टर झाला. मधली साडेपाच वर्षं कुणी धरतच नाही.

आमचा फाटा नेवासा तालुक्यात, नगर-संभाजीनगर रस्त्यावर. तिथे माझ्या वडिलांचं, आप्पांचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या नाहीतर बोअरमधल्या जळालेल्या मोटारी लोक टेम्पोत घालून आणतात. आप्पा त्या खोलतात, जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरतात. काम झालं की मोटार चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, ही त्यांची शेवटची तपासणी. लहानपणी मलाही ऐकायला द्यायचे. "आत काय चाललंय ते दिसत न्हाई ना, मग ऐकायचं," म्हणायचे. बेरिंग गेलं असेल तर घरघर, तारेत दोष असेल तर भुणभुण. सातवी-आठवीत मी ते न चुकता ओळखायचे, आणि खरं सांगायचं तर तेवढं एकच मला मनापासून यायचं.

माझा नंबर लागला त्याच महिन्यात आप्पांनी दुकानाशेजारी आणखी एक गाळा बांधायला काढला. शटर, पुढे ओटा, आत मध्ये प्लायवूडची भिंत, पेशंटला बसायला बाकडं. पेंटरकडून पाटीही रंगवून घेतली: माझं नाव, आधी 'डॉ.', खाली 'स्त्रियांचा दवाखाना व प्रसूतिगृह'. डिग्रीची जागा तेवढी मोकळी ठेवली होती, तीही पेंटरच्या आग्रहामुळे. आमच्या फाट्यावरून बाळंतपणाला बाई निघाली की तिला थेट तालुक्याला नाहीतर नगरला न्यावं लागतं, म्हणून आप्पांचं ठरलेलं होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोलले नाही. बोलायला माझ्याकडे काही हवं होतं ना.

जाण्याच्या आदल्या दिवशी आईने नेवाशाला नेऊन ज्ञानोबारायांच्या खांबाला डोकं टेकायला लावलं. दुसऱ्या दिवशी आप्पा नगरला कॉलेजात सोडायला आले. होस्टेलच्या खोलीत ट्रंक ठेवली, वर बघितलं, पंखा ऐकला, "कपॅसिटर गेलाय ह्याचा," म्हणाले आणि निघून गेले. मुलीला पहिल्यांदा घराबाहेर ठेवताना बाप एवढंच बोलला.

खोलीत आम्ही तिघी. एक पुण्याची, एक नाशिकची. दोघींच्या घरी आई-वडील दोघंही डॉक्टर. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लहानपणापासून ऑपरेशनच्या गप्पा झालेल्या. मी दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. पहिल्या लेक्चरला सर काय बोलले त्यातला निम्मा भाग माझ्या कानावरून वाऱ्यासारखा गेला. त्या दोघी वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मी एकदा "मला न्हाई कळलं" म्हणाले तर पुण्याची म्हणाली, "तुझी भाषा कसली गोड आहे गं, परत बोल ना!" मी परत बोलले नाही. त्यानंतर गरजेपुरतंच बोलायचं असं ठरवलं, आणि हळूहळू गरजही पडेनाशी झाली.

डिसेक्शन हॉलमध्ये एका टेबलाला आम्ही दहा जण. चौघं कापायचे, बाकीचे बघायचे, आणि माझ्या वाट्याला पुस्तक धरायचं काम यायचं. मी मोठ्याने वाचायचे, ते नसा शोधायचे. माझे उच्चार चुकले की कुणी हसायचं नाही, फक्त टेबलावर क्षणभर शांतता पसरायची. हसले असते तरी चाललं असतं. फॉर्मालिनचा वास बोटांना बसायचा, साबणाने जायचा नाही, आणि त्याच बोटांनी जेवायचं.

मेसमध्ये प्रत्येक टोळीचं टेबल ठरलेलं. ताट हातात घेऊन कुठे बसावं हे शोधत उभं राहण्याची जी लाज असते, ती मी आठ दिवस सोसली. नवव्या दिवशी ताट घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले. मेसच्या मागे पाण्याची टाकी, तिच्या पायथ्याशी पंपाची छोटी खोली आणि तिला तीन पायऱ्या होत्या. आत मोटार चालू होती. मी पायरीवर बसले आणि पहिला घास घेतला तोच लक्षात आलं, हिचं बेरिंग गेलंय. घर्र, घर्र, मध्येच किंचित अडखळणं. आमच्या दुकानात वर्षभर हाच आवाज असतो. त्या अख्ख्या कॉलेजात मला समजणारी तेवढी एकच गोष्ट होती. त्या दिवसापासून मी तिथेच जेवू लागले.

घरून फोन यायचा तो आईचा. जेवलीस का, झोपलीस का. मध्येच फोन हिसकावून शेजारची काकू विचारायची, "डॉक्टरीनबाई, माझ्या गुडघ्याला काय लावू?" मला तेव्हा गुडघ्यात किती हाडं भेटतात हे पाठ होतं, त्याला काय लावायचं ते मला माहीत नव्हतं. "गरम पाण्याने शेका," म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर तोंड लपवावंसं वाटायचं. फाट्यावर माझं चाळीस माणसांसकट चित्र लागलेलं, आणि इथे मी दिवस दिवस कुणाच्या दृष्टीस पडत नव्हते. एवढं एकटं मला नंतर कधीच वाटलं नाही.

ॲनाटॉमीच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. यादी बोर्डावर लागली होती. माझ्यापुढे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं, मी बघितली आणि खोलीवर आले. घरी परत जायचं मी त्याच दिवशी ठरवलं. बीएस्सी करीन, डीएड करीन, दुकानात तार भरीन. आप्पांना फोन केला. "नगरला कधी येणार आहात?" तार आणि बेरिंगं आणायला ते महिन्यातून एकदा नगरला यायचेच. "बुधवारी येतो," म्हणाले. मी म्हटलं, "मग इकडं भेटायला या. नक्की या." फोनवर कारण सांगितलं नाही. समोर आले की रडायचं आणि घरी न्या म्हणायचं, एवढं ठरलं होतं. बुधवारी सकाळी उठून मी बॅग भरली आणि कॉटखाली सरकवून ठेवली.

दुपारच्या जेवणापर्यंत आप्पा आले नाहीत. मी ताट घेऊन पायरीवर गेले, जेवले, परत आले. गेटवरून जाताना वॉचमनकाकांनी हाक मारली आणि कापडात बांधलेला डबा पुढे केला. "तुमचे वडील आले हुते. ठेवून गेले."

डब्यात बाजरीची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. मी तिथेच गेटवर उभी राहून फोन लावला. पलीकडे टेम्पोचा आवाज. "घाई हुती बाई," आप्पा म्हणाले, "टेम्पो थांबत नव्हता." तासा-दीड तासाच्या अंतरावरून माणूस येतो, गेटपर्यंत येतो आणि मुलीचं तोंड न बघता परत जातो. का, तर टेम्पो थांबत नव्हता!

आई म्हणते, मी राग सुतकासारखा पाळते. सुतक निदान तेराव्याला संपतं. माझा हा राग आठ वर्षं टिकला. त्या संध्याकाळी मी बॅग बाहेर ओढली, कपडे परत कपाटात कोंबले आणि भाकरी ठेच्याशी खाल्ली, रागाने, पूर्ण. नाही ना भेटत? ठीक आहे. मग मीही घरी येत नाही. लोक जिद्दीने डॉक्टर होतात, सेवेच्या ध्यासाने होतात. मी बापावरच्या रागाने झाले.

आठवडाभरातच ती मोटार गप्प झाली. म्हणजे चालायची, पण घरघर गेली. कुणीतरी दुरुस्त केली होती. ओळखीची म्हणून एक होती, तिनेही तोंड मिटलं, असं मला वाटलं आणि त्या दिवशी मात्र मी पायरीवर बसून रडले.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पास होत गेले. बोलायला शिकले, हसायलाही. टेबलावर बसून जेवायला लागले, पण टोळी कुठलीच झाली नाही. सुट्टीत घरी गेले की आप्पांशी कामापुरतं बोलायचे. फाट्यावरचा फ्लेक्स उतरवून त्यांनी दुकानाच्या पश्चिमेला उन्हाच्या आडोशाला बांधला होता. दर सुट्टीत मी थोडी थोडी पुसट झालेली दिसायचे. आधी ओठ गेले, मग डोळे. स्टेथोस्कोप मात्र चांगला टिकला.

इंटर्नशिपला लेबर रूममध्ये ड्यूटी लागली तेव्हा गाळ्यावरची पाटी मला रोज आठवायची. बायका कळांनी ओरडायच्या आणि स्टाफ त्यांच्यावर ओरडायचा. मला ते जमत नव्हतं. ओरडता येत नाही तो तिथे टिकत नाही असं सिस्टर म्हणायच्या. मग एकदा ऑपरेशन थिएटरमध्ये ड्यूटी आली. सगळे टेबलाभोवती पोटाकडे वाकलेले, आणि डोक्याशी स्टुलावर भूल देणाऱ्या मॅडम एकट्याच बसलेल्या, मांडीवरच्या कागदावर काही लिहीत होत्या. मॉनिटर टिकटिक करत होता. पेशंटच्या बोटाला क्लिप असते, तिच्यातून रक्तातला ऑक्सिजन कळतो. तो कमी व्हायला लागला की टिकटिकीचा सूर खाली उतरतो. तो उतरला. किंचितच. मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली आणि त्याच क्षणी मीही मान वळवली होती. अलार्म त्यानंतर वाजला. तोंडातली श्वासाची नळी जरा सरकली होती, त्यांनी ती नीट केली, सूर परत वर चढला. पोटाकडे वाकलेल्यांना काही कळलंही नाही.

"तुला कसं समजलं?" त्यांनी विचारलं.

"आवाज उतरला," मी म्हटलं.

त्यांनी एकदा मॉनिटरकडे बघितलं. मग पायाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बस इथे." साडेपाच वर्षांत त्या कॉलेजात मला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी बसले ती बसलेच.

पुढच्या शिक्षणाला भूलशास्त्र घेणार हे आप्पांना सांगायला मी दुकानात गेले. ते तार भरत होते, मान वर केली नाही.

"भूल द्यायची? म्हंजे पेशंट झोपलेला."

"व्हय."

"झोपलेल्या मानसाला काय कळनार कोनी झोपवलं ते? तुला वळखनार कोन?"

मी खाली पडलेला तारेचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळला.

"आन् फाट्यावर लोक काय भूल घ्यायला येनार हायेत?"

"तुमची पाटी पुसून टाका मग," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच. गिऱ्हाइकांसमोर.

आप्पांनी एक वेढा पूर्ण केला. "तुझी मर्जी," म्हणाले. आमच्या घरात 'तुझी मर्जी' म्हणजे नाही. पाटी त्यांनी पुसली नाही, फक्त भिंतीकडे तोंड करून उभी ठेवली, आणि गाळ्यात दुरुस्तीच्या मोटारी रचायला सुरुवात केली. सगळ्यांनी आपापलं म्हणणं असं मांडलं आणि विषय संपला.

मी त्याच कॉलेजात एमडीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आप्पांच्या पित्ताशयात खडे निघाले. दुखणं त्यांनी किती दिवस अंगावर काढलं होतं ते त्यांनाच माहीत. ऑपरेशन आमच्याकडेच ठरलं. मी मॅडमना म्हटलं, भूल मी देणार नाही, आप्पांना मला जमायची नाही. त्या म्हणाल्या, "औषधं मी देते. तू डोक्याशी उभी राहा. त्यांना ओळखीचा आवाज हवा."

आप्पांना टेबलावर घेतलं. अंगात हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, चष्मा काढलेला. खिशात टेस्टर नसलेले आप्पा मी पहिल्यांदा बघत होते. हात थंडगार होता. मॅडमनी आधी घाबरणं कमी करणारं औषध शिरेतून दिलं. ते दिलं की माणूस सैलावतो, कधी कधी मोकळं बोलतो, आणि मग पुढची भूल देईपर्यंतचं काही त्याला आठवत नाही. मी हे रोज बघते. कुणी बायकोला शिव्या देतो, कुणी शाळेतली प्रार्थना म्हणतो.

"त्या दिवशी आल्तो मी," आप्पा छताकडे बघत म्हणाले.

"कुठल्या दिवशी, आप्पा?"

"डबा घिऊन. वॉचमन म्हनला मेसकडं बघा. तू मागं पायरीवर बसली हुतीस. एकटीच. ताट मांडीवर." त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. "त्या मोटारीचं बेरिंग गेलेलं. तसल्या घरघरीत बसून जेवत हुतीस. येवढी पोरं आत, आन् तू तिथं."

मी त्यांचा हात धरून उभी होते.

"मला बघितलं असतंस तर म्हनली असतीस, घरी न्या. आन् मी नेलं असतं. मला न्हाई म्हनता आलं नसतं तुला. म्हनून भिताडाआड हुबा राह्यलो. तुझं जेवन हुईस्तोवर." मग म्हणाले, "बेरिंग हुतं पिशवीत. वॉचमनला दिलं. म्हनलं, येवढं बसवून घ्या. पोरीला तरास हुतो आवाजाचा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "देऊ?" मी मान हलवली. तोंडावर मास्क होता म्हणून बरं. माझं नाक, डोळे सगळं वाहत होतं. आप्पांचे डोळे मिटले. पुढचा दीड तास मी त्यांची टिकटिक ऐकत उभी होते आणि दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आठ वर्षं मी ज्या गोष्टीचा राग धरला होता, ती घडलीच नव्हती. तो माणूस तिथे होता. माझं ताट रिकामं होईपर्यंत उभा होता.

ऑपरेशन झालं, नळी काढली, त्यांना हाक मारली. त्यांनी डोळे उघडले आणि खरखरत्या आवाजात विचारलं, "सुरू कधी करनार?"

"झालं, आप्पा. खडे निघाले."

"झालं? मला कसं कळलं न्हाई?"

"न कळू द्यायचं हेच तर माझं काम हाय."

त्यांनी डोळे परत अर्धे मिटले. "मोटारीवानीच की," म्हणाले. "चांगली भरली की पान्यात कोन बघतंय." आणि परत झोपले.

बाकी त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी दोन-तीनदा इकडून तिकडून चाचपून बघितलं. शुद्धीत असताना जे त्यांनी आठ वर्षं सांगितलं नाही, ते मी त्यांना कसं सांगणार? त्यांच्या बेशुद्धीतून काढून घेतलेलं ते, माझ्याकडे ठेवणंही चोरीसारखं वाटत होतं. मी आईलाही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. आई औषधं आणायला मेडिकलमध्ये गेली. आप्पांना मोकळ्या हवेत बसायचं होतं म्हणून मी त्यांना हळूहळू चालवत टाकीच्या बाजूने नेलं. मुद्दामच नेलं. मोटार चालू होती. आप्पा थबकले. हात सवयीने खिशाकडे गेला, तिथे काही नव्हतं, मग नुसतीच मान कलती करून ऐकलं.

"बेरिंग चांगलं हाय हिचं," म्हणाले.

"व्हय. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा घरघर करायची."

"आसं?" ते दुसरीकडे बघत होते.

"मला आवडायचा तो आवाज. आपल्या दुकानासारखा यायचा. त्यासाठीच मी इथं येऊन जेवायचे."

आप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"मला वाटलं..." ते म्हणाले.

मी ओढणीने पायरी झाडली आणि बसले. आप्पा पोटाला हात लावून, भिंतीला धरून, सावकाश माझ्या शेजारी बसले.